भाचीच्या लग्नपत्रिकेत ‘डाल्झिएल’ हे आडनाव मराठीत कसं छापायचं? आणि त्याचा अर्थ काय?

नौपाड्याची_मावशी

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्यात राहते. माझ्या भाचीचं लग्न डिसेंबरात आहे. बहीण गेल्यापासून तिचं सगळं आम्हीच पाहिलं, त्यामुळे पत्रिकेपासून पंगतीपर्यंत जबाबदारी माझी आहे आणि ती मला नीट पार पाडायची आहे.

मुलगा स्कॉटलंडचा. इंग्रजी पत्रिका झाली, मराठी पत्रिका मात्र मुलाच्या आडनावापाशी थांबली आहे. स्पेलिंग असं: डी-ए-एल-झेड-आय-ई-एल. जांभळी नाक्यावरच्या छपाईवाल्याने पहिल्या प्रुफात ‘डालझील’ केलं. भाचीने ‘डाल्झिएल’ सुचवलं. शेवटी मी मुलालाच फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, ‘डी-एल’. मी तीनदा म्हणून घेतलं, तिन्ही वेळा ‘डी-एल’च. त्यात झ नाही, मधला ल नाही.

आता पत्रिकेत ‘डीएल’ छापलं तर लोकांना ती आद्याक्षरं वाटतील. शिवाय आमचे थोरले दीर विचारतात, आडनावाचा अर्थ काय, मूळ गाव कोणतं? त्यांचं विचारणं मला रास्त वाटतं. आपण मुलीच्या सासरचं गाव विचारतोच, मग ते रत्नागिरीला असो की स्कॉटलंडला. मुलाला एवढंच ठाऊक आहे की घराणं ग्लासगोच्या आसपासचं. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, पत्रिका अडली आहे.

खारघरचा_निनाद

काकू, झेड आहे म्हणजे झ यायला हवा. ऐरोलीला आमच्या ऑफिसात एका अमेरिकन क्लायंटचं आडनाव जवळपास हेच आहे, शेवटी दोन एल. तो स्वतःला ‘डॅलझेल’ म्हणवतो. मुलाच्या घरी कदाचित लाडाने आखूड करून म्हणत असतील. मी तरी ‘डॅलझिएल’ छापलं असतं.

खिळेजुळारी

ताई, मुलगा म्हणतो तोच उच्चार खरा. डी-एल, आणि जोर ‘एल’वर. निनाद यांनी ऐकलेलंही खोटं नाही. अमेरिकेत गेलेल्या अनेक घरांतून लोक स्पेलिंगप्रमाणे म्हणू लागले. पण स्कॉटलंडात त्या झेडचा झ होत नाही, कारण तो मुळात झेडच नाही.

मी चरईत राहतो. उभा जन्म छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेला. ऑफसेट आलं, आमच्या केसी (खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या) भंगारात गेल्या, तरी अक्षरांचा नाद काही सुटला नाही. हे आडनाव मला फार जवळचं वाटतं, कारण त्याचं आजचं रूप घडलं ते एक खिळा नसल्यामुळे.

जुन्या स्कॉट्स लिखाणात ‘योघ’ नावाचं एक अक्षर होतं. दिसायला आपल्या ३ आकड्यासारखं, फक्त शेपूट ओळीच्या खाली उतरलेलं. या आडनावात त्याचा उच्चार य. हाताने लिहीत होते तोवर काही अडचण नव्हती. मग छपाई आली. चौथ्या जेम्स राजाने १५०७ साली वॉल्टर चेपमन आणि अँड्र्यू मायलर या दोघांना परवाना दिला आणि १५०८ मध्ये एडिंबरात स्कॉटलंडची पहिली छापील पुस्तकं निघाली. त्या काळात खिळे समुद्रापलीकडून यायचे आणि त्यांत योघ नसायचा. पण तिथल्या हस्ताक्षरात शेपटीवाला झेड आणि योघ इतके सारखे दिसत की जुळाऱ्यांनी योघच्या जागी झेड बसवला. वाचणाऱ्याला ठाऊक होतं की इथे य म्हणायचा. पुढे योघ विसरला गेला आणि झेड तेवढा उरला.

केसमधल्या रिकाम्या खणात ज्याचा हात गेला आहे त्याला त्या जुळाऱ्याची अडचण लगेच कळेल. आमच्याकडे ‘दऱ्या’ मधला तो आडवा अर्धा र संपायचा. त्याऐवजी रफार लावला की ‘दर्या’ झालं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! आमचे मालक अशा वेळी फर्मा थांबवायचे आणि दुसऱ्या छापखान्यातून खिळे मागवायचे. एडिंबराच्या जुळाऱ्याला मागवायला दुसरा छापखाना कुठे होता?

हे एकट्या या आडनावाचं झालेलं नाही. ‘मेन्झीस’ असं दिसणारं आडनाव स्कॉटलंडात ‘मिंगिस’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांचं टोपणनाव ‘मिंग’ होतं ते त्यामुळेच. उलट मॅकेन्झीमध्येही तोच योघ होता, जुना उच्चार ‘मॅकिंगी’च्या जवळचा, पण तिथे स्पेलिंग जिंकलं आणि सगळं जग आता झ म्हणतं. भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेन्झी, ज्यांनी दक्षिणेतल्या हस्तलिखितांचा आणि कैफियतींचा (गावोगावच्या इतिहासाच्या नोंदींचा) मोठा संग्रह केला, त्यांच्या नावातसुद्धा तो खोटा झेड बसलेला आहे. तुमच्या जावयाच्या घराण्याने स्पेलिंग बदललं नाही आणि उच्चारही सोडला नाही. मला याचं फार कौतुक वाटतं.

आता अर्थ. मूळ शब्द गेलिक भाषेतले मानतात. ‘दाल’ म्हणजे नदीकाठचं सपाट कुरण, आपल्याकडे नदीला लागून मळई असते तसं. ‘ग्याल’ म्हणजे पांढरं, उजळ. गेलिकमध्ये स्त्रीलिंगी नामामागून विशेषण आलं की त्याचं पहिलं व्यंजन मऊ होतं, म्हणून ‘ग्याल’चं ‘याल’ होतं. दाल-याल, म्हणजे उजळ कुरण. बघा, तो य इथून आला, आणि तोच लिहिण्यासाठी योघ वापरला होता. पुढे ल आणि य एकमेकांत मुरत गेले आणि तोंडात ‘डी-एल’ उरलं. (काळीत शेती आणि पांढरीत वस्ती असं आपण म्हणतो, त्यातली पांढरी इथे समजू नका. थोरल्या दिरांना सांगताना हा घोटाळा होऊ शकतो.)

मूळ गावही सांगता येतं. लॅनार्कशायरमध्ये क्लाइड नदीच्या खोऱ्यात याच नावाची जुनी जहागीर होती. आज तिथे मदरवेल हे शहर आहे, ग्लासगोच्या आग्नेयेला. या नावाची पहिली नोंद १२५९ सालची. तिथले लोक सुरुवातीला ‘अमुक गावचा’ या अर्थाने ‘दे’ (डी-ई) लावून नाव लिहीत, म्हणजे आपलं ‘कर’च. दिरांना सांगा, आडनाव गावावरून आहे, गाव नदीकाठचं आहे.

छपाईचं माझं मत: ‘डियेल’ छापा. ‘डीएल’ नको, तुमची शंका बरोबर आहे. ‘डियेल’मध्ये मधला य दिसतो, उच्चार मुलाच्या तोंडचा राहतो आणि एडिंबराच्या केसमध्ये जे अक्षर नव्हतं ते आपल्या केसमध्ये आहे, तर वापरायला काय हरकत?

कळंबोलीचा_लोखंडवाला

मी कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये प्लेटच्या धंद्यात आहे. हे नाव मी माणसाच्या आधी लोखंडावरून ओळखतो. मदरवेलला याच जहागिरीच्या नावाचा पोलाद कारखाना आहे, डेव्हिड कोलव्हिल यांनी १८७० च्या दशकात उभा केलेला. क्लाइड नदीवर जहाजं बांधणाऱ्यांना तिथून प्लेट जायची. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस कंपनी घेतली तेव्हा हा कारखाना टाटांकडे आला आणि २०१६ मध्ये लिबर्टी हाउसकडे गेला. म्हणजे मावशी, तुमच्या व्याह्यांच्या गावाच्या नावाचा कारखाना मधली काही वर्षं आपल्या टाटांचा होता. लग्नात गप्पांना विषय होईल.

शेजारचा रेव्हन्सक्रेगचा मोठा कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. त्या भागातल्या घरांना तो फार लागला. मुलाच्या घरचं कोणी त्यात कामाला असेल तर जपून विषय काढा. गिरणी बंद पडलेली माणसं आपल्याकडेही आहेत, त्यांना कोणी सहज विचारलेलं चालत नाही.

बाकी खिळेजुळारी काकांनी फार सुंदर सांगितलं. मी इतकी वर्षं टेस्ट सर्टिफिकेटवर हे नाव झ लावून वाचत आलो.

नौपाड्याची_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी दिरांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘कर’ ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

आता एक नवीनच निघालं आहे. मुलाच्या वडिलांना विचारल्यावर त्यांनी घराण्याची ढाल, म्हणजे घराण्याचं मानचिन्ह, म्हणून एक चित्र पाठवलं. काळ्या पार्श्वभूमीवर उघडा माणूस, हात पसरलेले. खाली ब्रीद, ‘माझी हिंमत आहे’ अशा अर्थाचं. त्यांनी लिहिलंय की आडनावाचा खरा अर्थ हाच. कोणे एके काळी राजाच्या नातेवाइकाला शत्रूंनी फासावर लटकवलं, राजाने विचारलं प्रेत कोण आणेल, कोणी पुढे येईना, तेव्हा यांचा पूर्वज ‘डाल झेल’ म्हणाला, म्हणजे ‘मी आणतो’.

मग कुरण खरं की हिंमत? आणि दिरांच्या डोक्यात आलंय की ती ढाल पत्रिकेवर छापावी, वर गणपती आणि बाजूला ढाल. उघड्या माणसाचं चित्र पत्रिकेवर कसं दिसेल या काळजीने मला झोप नाही.

खिळेजुळारी

ताई, कुरण खरं. पण कथेला कमी लेखू नका, तीही जुनी आहे आणि घराण्याने ती शतकानुशतकं जपली आहे.

कथेतला राजा म्हणजे दुसरा केनेथ, राज्यकाळ ९७१ ते ९९५. पूर्वी या ढालीवर तो माणूस फाशीच्या खांबाला लटकलेला दाखवत, पुढे खांब गेला आणि माणूस उभा राहिला. नावाची नोंद मात्र तेराव्या शतकातली आणि तीही जमिनीच्या नावावरून. आधी गाव, मग गावावरून आडनाव, मग आडनावाचा आवाज ऐकून कथा. मला वाटतं हाच क्रम असणार. आपल्याकडे किती गावांच्या नावांमागे पांडव येऊन राहून गेले आहेत! पण ‘माझी हिंमत आहे’ हे ब्रीद खरंच त्यांचं आहे. १६३९ मध्ये या घराण्याच्या प्रमुखाला अर्ल ऑफ कार्नवाथ हा किताब मिळाला, त्या अर्लांचं ब्रीदही हेच. १७१५ च्या बंडात पाचवे अर्ल स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढले, पकडले गेले, देहांताची शिक्षा झाली. जीव वाचला, किताब गेला, तो १८२६ मध्ये परत मिळाला. असं घराणं ते ब्रीद शोभेला लावत नव्हतं.

ढाल मात्र पत्रिकेवर छापू नका, आणि कारण उघडा माणूस हे नाही. स्कॉटलंडात ढाल आडनावाची नसते, एका माणसाची असते. तिथे ‘लॉर्ड लायन’ नावाचा अधिकारी आहे, त्याचं स्वतःचं कोर्ट आहे, १६७२ च्या कायद्याने ढालींची सार्वजनिक नोंदवही ठरवून दिलेली आहे. थोरल्याची ढाल धाकट्यालाही जशीच्या तशी मिळत नाही, काही खूण बदलून नोंदवून घ्यावी लागते. दुसऱ्याची ढाल वापरणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या व्याह्यांच्या नावाने ढाल नोंदलेली असेल तर गोष्ट वेगळी, तर त्यांनाच विचारा. नसेल तर आडनाव एक म्हणून अर्लांची ढाल आपण लावायची नाही. व्याह्यांनी प्रेमाने पाठवलं आहे, तुम्ही कथा लग्नाच्या दिवशी सगळ्यांना सांगा. पत्रिकेवर गणपती पुरे.

वाशीची_कुलवृत्तांतवाली

मावशी, मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम करते, त्यातून स्कॉटलंडच्या नोंदी बघायची सवय लागली. दोन-तीन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत.

हे आडनाव किमान तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. झेडवाली दोन मुख्य, आणि एका शाखेने चक्क वाय ठेवला: डी-ए-एल-वाय-ई-एल-एल. ही शाखा एडिंबराजवळच्या बिन्स नावाच्या वाड्यातली. उच्चार तोच, डी-एल. तिथले जनरल टॅम डियेल (१६१५ ते १६८५) फार गाजले. पहिल्या चार्ल्स राजाचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाल्यावर त्यांनी दाढीला कात्री लावली नाही असं सांगतात. लंडनच्या टॉवरमधल्या कैदेतून निसटले, रशियाच्या झारच्या सैन्यात राहिले, परत येऊन १६६६ मध्ये रुलियन ग्रीनच्या लढाईत कव्हेनंटर पंथाच्या (चर्चवर राजाची सत्ता न मानणाऱ्या) लोकांचा पराभव केला. १६८१ मध्ये स्कॉट्स ग्रेज हे घोडदळ त्यांनी उभं केलं. पण कव्हेनंटरांच्या वारसांत त्यांचं नाव आजही प्रेमाने घेत नाहीत, त्यांच्या हातून या लोकांचा छळ खूप झाला होता. दिरांना सांगताना हीही बाजू सांगावी असं मला वाटतं.

त्याच वाड्यातले दुसरे टॅम डियेल आपल्या काळातले, १९६२ ते २००५ खासदार. स्कॉटलंडला वेगळी विधानसभा मिळाली तर तिथल्या खासदारांनी इंग्लंडच्या अंतर्गत प्रश्नांवर मत का द्यावं, हा प्रश्न त्यांनी १९७७ मध्ये लावून धरला. त्यांच्या मतदारसंघावरून त्याला ‘वेस्ट लोदियन प्रश्न’ म्हणतात. आणि मावशी, खास तुमच्यासाठी सांगते: हे आडनाव त्यांना वडिलांकडून नाही, आईकडून मिळालं. वाडा आणि वारसा आईचा होता. वडिलांचं आडनाव लॉक, त्यांनी १९३८ मध्ये बायकोचं आडनाव घेतलं. आपल्याकडे मुलीचं आडनाव बदलायचं की नाही यावर अजून घरोघरी रुसवे होतात, तिथे एका खानदानी घरात जावयानेच बदललं होतं.

तिकडे बायकांचं माहेरचं आडनाव पुसलं जात नसे. लग्नानंतरही कायद्याच्या कागदांत ते चालायचं, थडग्यावरसुद्धा बाईचं माहेरचं आडनाव कोरलेलं असतं. त्यामुळे आईच्या आईकडूनही घराणं मागे शोधता येतं. आमच्या कुलवृत्तांतात सुना ‘पूर्वाश्रमीचे नाव’ या एका रकान्यात असतात, आणि जुन्या पिढ्यांत तो रकानाही मोकळा. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला एक विनंती, मुलाच्या आजीचं माहेरचं आडनावही विचारून ठेवा.

मुलाच्या घरच्यांना मागे जायचं असेल तर १ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडात जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद आहे. मृत्यूच्या दाखल्यावर आई आणि वडील दोघांची नावं येतात, आईचं माहेरच्या आडनावासकट. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या वह्यांत, सगळ्यात जुन्या १५५३ पासूनच्या. शोधताना झेड, वाय, एक एल, दोन एल, सगळं घालून बघायचं. पाद्री जसं ऐकेल तसं लिहायचा.

आणि लग्न विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) नोंदवणार असाल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तारीख सांभाळा. तिथे मात्र पासपोर्टवरचं स्पेलिंगच, अक्षरही इकडचं तिकडे नको.

खारघरचा_निनाद

उच्चाराचं पटलं. पण काकू, ‘डियेल’ छापलंत तर आमच्या वयाची मंडळी ते नाव फोनवर शोधणार आणि त्यांना काहीच मिळणार नाही. मुलाकडचे पाहुणेसुद्धा ओळखणार नाहीत.

खिळेजुळारी

मुलाकडचे पाहुणे इंग्रजी पत्रिका वाचतील, निनाद. मराठी पत्रिका वाचणार आहेत नौपाड्यातली आणि डोंबिवलीतली माणसं, आणि त्यांनी लग्नात मुलाला हाक मारताना त्याच्या घरी म्हणतात तसंच नाव घ्यावं, यासाठी ती छापायची. स्पेलिंग पाहून नाव म्हणायला लागलं की काय होतं ते मॅकेन्झीचं पाहिलंत.

ताई, एक कामाची गोष्ट. छपाईवाल्याला ‘डियेल’ कागदावर लिहून द्या, फोनवर सांगू नका. तो ‘डिएल’ किंवा ‘दियेल’ करेल. हल्ली खिळे नाहीत, पण कीबोर्डवर बोट घसरतंच. शेवटचं प्रूफ सही करण्याआधी मुलाला फोनवर घ्या आणि छापलेलं नाव घरातल्या एखाद्या लहान मुलाकडून वाचून घ्या. ज्याने स्पेलिंग पाहिलेलं नाही असं मूल निवडा. ते जे वाचेल तेच सगळे वाचणार आहेत.

नौपाड्याची_मावशी

काका, आजच केलं. पुतणीच्या मुलाकडून वाचून घेतलं, तो चौथीत आहे. त्याने ‘डियेल’ वाचलं आणि पलीकडून मुलगा म्हणाला, बरोबर. मजकूर असा ठरला: ‘श्री. व सौ. डियेल (मूळ मदरवेल, स्कॉटलंड) यांचे द्वितीय चिरंजीव’. मूळ गाव घालायचं दिरांनी सुचवलं आणि मुलाच्या आईला ते इतकं आवडलं की इंग्रजी पत्रिकेतही घालता येईल का असं विचारते आहे. ती तर छापून झाली.

ढाल नाही. व्याह्यांना कारण लिहून कळवलं, त्यांनी मानलं. ढाल त्यांच्या नावाने नोंदलेली नाही, त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा दुकानातून चौकट आणली होती.

वाशीच्या ताई, आजीचं माहेरचं आडनाव विचारलं. ‘स्ट्रॉन’ असं ऐकू आलं, स्पेलिंगमध्ये सी-एच दिसतंय: एस-टी-आर-ए-सी-एच-ए-एन. हेही योघचंच का? नोटिशीचे कागद सोमवारी द्यायचे आहेत, त्याआधी उत्तर नाही मिळालं तरी चालेल, पण दिरांना कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

वाशीची_कुलवृत्तांतवाली

नाही मावशी, यात योघ नाही. स्ट्रॅकन हेही गावावरून पडलेलं आडनाव, ईशान्य स्कॉटलंडात किंकार्डिनशायरमध्ये त्या नावाचं गाव आहे. काही घरं ‘स्ट्रॉन’ म्हणतात, काही ‘स्ट्रॅकन’ म्हणतात, तर काहींच्या तोंडी क ऐवजी ख ऐकू येतो. आजी स्वतः काय म्हणायच्या ते विचारा आणि तसंच लिहून ठेवा.